पाठमोरी चकमक

३ फेब्रुवारी

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. पाकिटावरचं अक्षर तुला ओळखीचं वाटणार नाही. मी तुझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी तीन वर्षांची होते म्हणे; आता एकोणतीस संपत आलं. तुझा पत्ता बाबांच्या जुन्या वहीत सापडला. आईला न सांगता लिहिते आहे. आमच्याकडे तुझा विषय निघाला की आई पाण्याचा ग्लास उचलून तो भरायला स्वयंपाकघरात जाते, आणि ग्लास भरलेलाच असतो.

मी कान तपासते. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन घालायचे आणि काचेबाहेरून बारीक बारीक सूर सोडायचे. ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं. गेल्या महिन्यात एका निवृत्त बसचालक काकांना कानाची यंत्रं बसवली. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले होते. आठ दिवसांनी ते आले ते उड्या मारतच. म्हणाले, "बाई, चकमक परत ऐकू आली!"

मला वाटलं, आता डोकंही तपासायला पाठवावं लागणार. मग कळलं की 'बर्फाचा तांडा' नावाची जुनी जपानी कार्टून मालिका आहे. काका तरुणपणी दर रविवारी आपल्या भाषेत पाहायचे. कुणीतरी जुन्या टेपांवरून उतरवून ती नेटवर टाकली आहे. मी कार्टून बघणारी बाई नाही, पण काकांनी पिच्छाच पुरवला म्हणून पहिला भाग लावला. गुरं हाकावीत तसे बर्फाचे डोंगर हाकत, तहानलेल्या चंद्रांवर नेणारी माणसं. चुंबकी दोरखंड, धुळीची गावं, कुरकुर करणारं यांत्रिक खेचर. आणि तांड्याची म्होरकी चकमक! चार भाग एका बैठकीत पाहिले. पाचव्याच्या शेवटी नावं सरकत होती, त्यात 'चकमकीचा आवाज' यापुढे तुझं नाव आणि आजोबांचं आडनाव.

मावशी, ती तूच का? तिथे खाली प्रेक्षकांनी चारशेच्या वर मतं लिहिली आहेत आणि निम्मी तुझ्या आवाजाबद्दल आहेत. लोक अजून भांडताहेत. मला सगळं जाणून घ्यायचं आहे.

तुझी भाची


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुला मी याच नावानं हाक मारायचे. एका जागी ठरायची नाहीस. पत्र वाचून वाटलं, अजून ठरलेली दिसत नाहीस.

हो, ती मीच. फोन नंबर मागू नकोस. गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज म्हणजे तेल न घातलेली बिजागरी. दुकानात गिऱ्हाइकाला 'शुक्रवारी या' एवढं म्हटलं तरी ते दचकतं. म्हणून मी पुस्तकं बांधते. पुस्तकं परत बोलत नाहीत. आत्ता समोर कोर्टाच्या जुन्या नोंदवह्यांची चळत आहे. एकेक फर्मा, म्हणजे घडीच्या पानांचा जुडगा, सोडवायचा, नव्या दोऱ्यानं शिवायचा, कण्याला खळ लावून दाबाखाली ठेवायचा. बोटं कामाला असली की बरं असतं.

विचारलंसच म्हणून सांगते. एका खोलीत पडदा, एक माइक, एक स्टूल. पडद्यावर चकमकीचे ओठ हलायचे आणि त्या हलण्यात आपलं वाक्य बसवायचं. मूळ भाषेत वाक्य लांबलचक, आपल्याकडे 'चल हट' म्हटलं की संपलं. मग उरलेल्या ओठांचं करायचं काय? कधी खोकायचं, कधी खेचराला शिवी घालायची. चकमकीच्या निम्म्या शिव्या माझ्या पदरच्या आहेत. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हसून हसून टेप थांबवायचा.

काय म्हणतात लोक? चांगलं-वाईट दोन्ही कळव. साखर पेरून लिहू नकोस, मुंग्या लागतात.

आणि एक. मला विचारायचं ते बाविसाव्या भागापर्यंतच विचार.

मावशी


२ मार्च

ती. मावशी,

भिंगरी! हे नाव मला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवसभर दवाखान्यात स्वतःशीच म्हणत होते.

घे, मतं. टोपणनावं त्यांचीच आहेत.

'गंजलेलं खेचर' म्हणतो: "पहिले चार भाग रटाळ. ज्यांनी पाचव्याआधी सोडली त्यांची मला कीव येते, आणि थोडा हेवाही वाटतो, कारण त्यांना अजून सगळं पाहायचं आहे."

'नववी ब' म्हणतो: "घोड्याऐवजी यान, गाईऐवजी बर्फ. बाकी तेच. गावात परका माणूस येतो आणि गावाची झोप मोडते." त्याला 'पाणीवाली' नावाच्या बाईंनी सुनावलंय: "तुमच्या नळाला रोज पाणी येत असणार. म्हणून तुम्हाला ही बंदुकांची गोष्ट वाटते."

एक विज्ञानाचे मास्तर आहेत. त्यांचं म्हणणं, अवकाशात गोळीचा आवाज येतच नाही, निर्मात्यांना शाळेत पाठवा. खाली कुणीतरी लिहिलंय, "मास्तर, तुमच्या तासालाही कुणाचा आवाज यायचा नाही, म्हणून काय तास नव्हता का?"

'दोन मुलांची आई' लिहिते: "मुलांसाठी लावली होती. सहाव्या भागात मुलं उठून खेळायला गेली. मी बसूनच होते."

आता खरं भांडण. तू नको म्हणालीस, पण मला राहवत नाही. ते शेवटच्या दोन भागांवरून आहे. एका गटाचं म्हणणं, तेविसाव्यापासून चकमकीचा आवाज बदलतो, कोरडा होतो, शिव्या थांबतात, कुठेतरी गडबड आहे. दुसरा गट म्हणतो, हीच तर कमाल. तिचा साथीदार, तो 'पाहुणा', ग्रहाच्या काळ्या बाजूला गेलाय, परत येणार नाही हे तिला उमगलंय. मग माणूस कोरडाच बोलणार. शेवटच्या भागात ती वायरलेसवर अकरा मिनिटं एकटीच बोलते, पलीकडून उत्तर नाही, तो प्रसंग तर लोकांना पाठ आहे. 'पाणीवाली' म्हणते, "मी रडले नाही. मला दोन दिवस बोलवेना."

मी दुसऱ्या गटात. मावशी, बावीस भाग तू छान बोललीस. पण ती अकरा मिनिटं! एवढं चांगलं काम करून तू त्याबद्दल बोलायला नाही का म्हणतेस? सर्दी झाली होती का? की लाजतेस?

आणि एक गंमत. त्या बोलण्यानंतर चकमक उठून खिडकीशी जाते, आपल्याला तिची पाठ दिसते. मूळ मालिकेत तिथे शांतता आहे. आपल्या टेपमध्ये मात्र बारीक काहीतरी पुटपुटलेलं ऐकू येतं. त्यावर साठ मतं आहेत! कुणाला 'माती' ऐकू येतं, कुणाला 'नाही'. 'गंजलेलं खेचर' शपथेवर सांगतो की ती 'ताई' म्हणते; त्यावरून चकमकीला हरवलेली मोठी बहीण होती असा एक अख्खा इतिहास त्यानं रचलाय. खरं काय ते तूच सांग ना.

भिंगरी


११ मार्च

भिंगरी,

सर्दी नव्हती. लाजतही नाही. ती मी नाहीच.

ती तुझी आई.

घरात कुणी सांगितलेलं दिसत नाही, कसं सांगतील? ऐक. बावीस भाग झाले आणि माझ्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी बोलणं बंद केलं. शाळेतल्या मुलीसारखी पाटी-खडू घेऊन दवाखान्यात बसले होते. तुझी आई उशाशी असायची. माझे निरोप तीच पोचवायची, माझं तोंडच ती. मी पाटीवर लिहिलं: 'स्टुडिओत जा. तीन आठवडे थांबा म्हणावं.' ती गेली आणि येऊन म्हणाली, "सांगितलं."

ऑपरेशन झालं. बाराव्या दिवशी रेकॉर्डिस्ट भेटायला आला. भला माणूस, त्याला वाटलं मला ठाऊक आहे. म्हणाला, "तुमच्या बहिणीनं वेळ निभावून नेली हो. कुणाला फरक कळणार नाही." मी पाटीवर तीन अक्षरं लिहिली आणि तुझ्या आईसमोर धरली: 'तूच का?' ती म्हणाली, "हो." बस्स. एवढंच. ना माफी, ना कारण.

आमचा आवाज लहानपणापासून एकसारखा. दाराआडून आमच्या बाबांनाही, तुझ्या आजोबांना, ओळखू यायचा नाही. माझ्यापाशी तेवढी एकच गोष्ट होती, गं. रूप तिच्याकडे, घर तिच्याकडे, तू तिच्याकडे. मी फक्त बोलायचे. त्यातलंही शेवटचं पान ती लिहून मोकळी झाली. त्यानंतर माझा आवाज आलाच नाही, आणि आला असता तरी तिच्याशी बोलायला वापरला नसता.

बाबा गेले तेव्हा मी दाराशी येऊन आल्या पावली परतले. ते दोन भाग मी पाहिलेले नाहीत. पाहणार नाही.

तू लिहिलंस, ती अकरा मिनिटं माझ्या बावीस भागांवर भारी. लिहिलंस ते बरं केलंस. खरं मत असंच अनोळखी माणसाच्या तोंडून यावं.

मावशी


६ एप्रिल

ती. मावशी,

पंचवीस दिवस झाले, रोज कागद काढायचे आणि ठेवून द्यायचे. मला माहीत असतं तर मी तसं लिहिलं नसतं. पण लिहिलेलं खोटं नव्हतं, म्हणून माफी कशी मागायची तेही कळेना.

आईला विचारलं. घरी विचारलं असतं तर ग्लास उचलला असता, म्हणून गाडीत विचारलं. आई गाडी चालवायला शिकवते हे तुला ठाऊक नसेल. चाळिशी-पन्नाशीच्या घाबरट बायका तिच्याकडेच येतात, कारण ती ओरडत नाही. दोन्ही पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर आणि तोंडात तीनच शब्द: "आरसा. गिअर. सावकाश."

सिग्नलला थांबलो होतो. मी म्हटलं, "आई, चकमकीचे शेवटचे दोन भाग तू बोललीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"मावशीनं. मी पत्र लिहिलं होतं."

"तिनं उत्तर दिलं?" हे विचारताना, मावशी, तिचा आवाज कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. मग म्हणाली, "हो. मी बोलले."

"तिची जागा घेतलीस?"

"सिग्नल सुटलाय," आई म्हणाली. घरी येईपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. आईच्या हातून गाडी बंद पडलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मग मी माझं काम केलं. दुपारच्या सुट्टीत आवाजबंद खोलीत स्वतःच जाऊन बसले, चांगले हेडफोन लावले आणि ती पाठमोरी जागा चाळीस वेळा ऐकली. 'गंजलेलं खेचर' बरोबर आहे. पहिला शब्द 'ताई' आहे. त्यात शंका नको, माझा धंदाच हा आहे. पुढे 'तु' एवढं येतं, मग कपड्याची सळसळ होते आणि एक अक्षर तिच्यात बुडतं. नंतर पुन्हा स्वच्छ: "आता कोणी पुसणार नाही."

"ताई, तु– आता कोणी पुसणार नाही."

आई तुझ्याशीच बोलत होती. अर्थ मला लागत नाही. तुला लागेल म्हणून जसंच्या तसं उतरवून पाठवते आहे.

भिंगरी


१४ एप्रिल

भिंगरी,

अर्थ लागला. न लागायला काय झालं? सरळ भाषा आहे.

'ताई, तुला आता कोणी पुसणार नाही.'

म्हणजे तुला आता कोणी विचारणार नाही. मी आले, तुझी सद्दी संपली. मी तिकडे गळ्याला पट्ट्या बांधून पडलेली आणि ही माझ्याच माइकपुढे उभी राहून मला हे ऐकवते! आणि ते टेपवर राहतं, आणि साठ लोक त्यावर कोडी घालतात, आणि कुणीतरी रडतंसुद्धा. वा.

सव्वीस वर्षं मी समजत होते की तिनं फक्त चोरी केली. चोर निदान गुपचूप जातो.

तुझा यात दोष नाही. तू कानाची माणूस, कानावर आलं ते लिहिलंस. पण यापुढे मला काही ऐकवू नकोस. कोर्टाच्या नोंदवह्या महिनाअखेरीला द्यायच्या आहेत आणि आज दोन फर्मे मी उलटे शिवले.

पत्र लिहायचं तर हवापाण्याचं लिही.

मावशी


२१ एप्रिल

ताई,

तुझं पत्र भिंगरीनं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आता तरी ग्लास खाली ठेव." वाचलं. गाडीत बसून लिहिते आहे. शिकणाऱ्या बाई उशिरा येणार आहेत. अक्षर वाईट आहे, चालवून घे.

मला लांबड लावता येत नाही. क्रमानं सांगते.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी मोठ्या डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय. गाठ काढली तर जीव राहील, आवाज राहणार नाही. बाबा तिथेच बाकावर बसले. मग म्हणाले, "हिला कळता कामा नये. कळलं तर ही टेबलावर झोपायची नाही." माझ्याकडून शब्द घेतला. ताई, खरं सांग. कळलं असतं तर झोपली असतीस?

तू पाटीवर लिहिलंस, तीन आठवडे थांबायला सांग. मी गेले, सांगितलं. निर्माते म्हणाले, "थांबतो की. पण तीन आठवड्यांनी त्या नक्की येतील ना?" मला हो म्हणता आलं नाही. मी नुसती उभी राहिले, त्यावरून ते समजले. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, एका पात्राला दोन आवाज चालायचे नाहीत. दुसरी बाई आणावी लागेल, पहिल्या भागापासून. तुझ्या बावीस भागांच्या टेपा पुसून त्यांच्यावरच तिचा आवाज भरतील. तेव्हा टेपा तशाच वापरायचे, तुला माहीतच आहे.

मी कपाटात रचलेल्या त्या टेपा पाहिल्या. तुझा आवाज तेवढाच उरणार होता, ताई, आणि ते फक्त बाबांना आणि मला माहीत होतं.

मी म्हटलं, आवाज तोच असला तर? ते म्हणाले, बोलून दाखवा. लहानपणी दाराआडून 'ताई बोलतेय' म्हणायचे तशी बोलले. त्यांनी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. मी एकच अट घातली, नाव तुझंच राहील.

शिव्या मला जमल्या नाहीत. तुझ्यासारखं खोकताही येईना. ती वायरलेसची अकरा मिनिटं आली तेव्हा मी कुणाचीही नक्कल करत नव्हते. पलीकडून आता कधीच आवाज येणार नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. संपल्यावर वाटलं माइक बंद झाला. शालीनं तोंड पुसलं आणि सुटून गेलं, "ताई, तुझं आता कोणी पुसणार नाही."

तुझं, ताई. 'तुला' नाही.

रेकॉर्डिस्टनं ते राहू दिलं. मला तेव्हा माहीत नव्हतं.

तू पाटी धरलीस, 'तूच का?' मी हो म्हटलं. पुढचं सांगायचं तर 'आवाज जाणार हे मला आधीच माहीत होतं' इथून सुरुवात करावी लागली असती, आणि तुला डॉक्टर अजून 'बघू, येईल' म्हणत होते. तू पाटी उलटी ठेवलीस. नंतर आवाज येणार नाही हे तुला कळलं तेव्हा माझं तोंड बघायचीही तुझी तयारी नव्हती. बाबा गेले तेव्हा तू दाराशी आलीस, मी हाक मारली नाही. चूक माझी. मी स्वतःला समजावलं की हिला कुणावर तरी राग काढायला हवाय, माझ्यावर काढू दे. फार उदार वाटायचं तसं म्हणताना. खरं म्हणजे मला भीती वाटायची.

रविवारी सकाळी येते. हो-नाही कळवू नकोस. नको असेल तर दार उघडू नकोस. मी थोडा वेळ गाडीत बसेन आणि जाईन.

बाई आल्या.

धाकटी


२९ एप्रिल

भिंगरी,

तुझी आई काही सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते.

रविवारी नऊपासून मी खिडकीशी कात्रणं निवडत बसले होते. कात्रणं निवडायची नव्हती. दहाला गाडी आली. दुकानासमोर थांबली. ती उतरली नाही. मी उठले नाही. वीस मिनिटं अशीच गेली. खाली वर्तमानपत्रवाला सायकल घेऊन खोळंबला होता, त्याला जायला वाट नव्हती. शेवटी मी उतरले आणि काचेवर टकटक केली.

तिनं काच खाली केली. काय बोलायचं ते मी तिचं पत्र आल्यापासून घोकलं होतं. तोंडातून आलं, "गाडी कशी लावलीयस? लोकांना शिकवतेस म्हणे."

ती रडायलाच लागली. मला कळेना, एवढं काय बोलले? मग उमगलं. माझा हा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. ऑपरेशननंतर मी तिच्याशी एक शब्दही बोललेली नाही. साऱ्या जगाला ही बिजागरी सव्वीस वर्षांची जुनी, तिलाच नवी. म्हणाली, "ताई, असा झाला?" मी म्हटलं, "असाच. आता गाडी सरकव आणि आत ये, तो माणूस ताटकळलाय."

मी विचारलं, माझ्या पाठीमागे माझं आयुष्य तुम्ही दोघांनी ठरवलंत, तुम्हाला अधिकार कुणी दिला? ती म्हणाली, "कुणीच नाही." त्यावर मला आणखी राग आला. मी बरीच बोलले. इतकं सलग मी वर्षानुवर्षांत बोलले नव्हते; मध्येच घसा बसला आणि उरलेलं भांडण कागदावर लिहून केलं. तिनं एकेक कागद वाचून नीट घडी घालून पिशवीत ठेवला. काही गोष्टी मी अजून माफ केलेल्या नाहीत. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "चालेल. भांडायला पुढच्या रविवारी येऊ का?"

दुपारी म्हटलं, लाव ते दोन भाग. तिनंही पाहिले नव्हते, ऐकून थक्क होशील. बाइंडिंगच्या मेजावर तिचा फोन नोंदवहीला टेकवून उभा केला आणि आम्ही दोघी दोन स्टुलांवर.

तेविसावा भाग सुमार. तिला ओठ जुळवता येत नाहीत, वाक्य संपलं तरी चकमकीचं तोंड हलतंय. मी हसले. तीही हसली. चोविसावा सुरू झाला. ती अकरा मिनिटं आली.

मी बोलले असते तर रडले असते, भिंगरी. आवाज चढवला असता, श्वास तोडला असता, मला सगळं येत होतं. तिला काही येत नव्हतं. ती नुसती विचारत राहते: तिकडे थंडी आहे का, खेचर कुरकुरतंय का, ऐकू येतंय का. मला वाटलं होतं ती माझ्या खुर्चीत बसलीय. ती माझ्या पलंगाशेजारी बसली होती. मी पाटी हातात घेऊन पडले होते आणि ती माझ्याशी बोलत होती, आणि मला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. मग चकमक उठून पाठमोरी झाली. ती जागा मी एकदाच ऐकली. 'झं' आहे. तुझ्या हेडफोनला सांग.

ती जायच्या आधी मी तुझ्या आईच्या फोनवरून त्या मतांच्या पानावर लिहिलं. 'बाइंडर' असं टोपणनाव घेतलं. लिहिलं: "पहिले बावीस भाग मी बोलले आहे. शेवटचे दोन माझ्या धाकट्या बहिणीनं. तिचं नाव टेपवर नाही, ते तिनं मुद्दाम घालू दिलं नाही. ती अकरा मिनिटं माझ्याच्यानं झाली नसती. चकमकीला मोठी बहीण होती, हे गंजलेल्या खेचराचं म्हणणं बरोबर आहे."

दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं. 'नववी ब'चं.

"काकू, काहीही फेकू नका. आवाज एकच आहे."

तुझ्या आईला वाचून दाखवलं, माझ्या या आवाजात. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

मावशी